सहाव्या पानावरचं मीठ

या पुस्तकात अक्षर नाही.
कॅलम ट्रेलोरनं ते उलटं धरून झटकलं,
एखादा शब्द आत अडकला असेल तर
पडावा म्हणून.

चौदा पोरं, तीन इयत्ता, एक खोली.
बाहेर गव्हाचा पट्टा, पर्थपासून गाडीनं चार तास.
दोन सायलो, एक पेट्रोलपंप,
मंगळवारीच उघडणारा दवाखाना.

सगळी पानं एकाच जागेवरून पाहिलेली,
पाण्याच्या टाकीवर चढून.
पहिल्यावर रान: सॅमन गमची खरी साल,
गुलाबी, पापुद्र्यांसकट चिकटवलेली.
दुसऱ्यावर तंबू, रुमालाच्या कोपऱ्याचा.
तिसऱ्यावर दोन ट्रॅक्टर आणि मध्ये साखळी,
कुणाच्या तरी गळ्यातली, तुटकी.
चौथ्यावर गहूच गहू.
पुढची मी दाखवली नाहीत.

अळीमिळी गुपचिळी, म्हटलं, फक्त पाहा.
तीन मिनिटं.
पंख्याचा आवाज वर्गात एवढा असतो
हे मला एकोणीस वर्षांनी कळलं.

लिएझेल जूनमध्ये आलेली, सेबूहून.
तिच्याकडचं इंग्रजी म्हणजे 'येस मिस'.
तिनं चौथ्या पानावर, टाकीखाली, बोट ठेवलं.
तिथं काहीच नव्हतं.
मग तिनं तिसरं पान उलटलं. कुत्रा.
दुसरं. कुत्रा.
पहिलं. कुत्रा, नखाएवढा, लोकरीचा.
आम्ही सगळे वाचता येणारे,
आणि कुणालाच तो दिसला नव्हता.

टानी यारन म्हणाली, पहिल्याच्या आधी एक पान हवं.
का?
रान रिकामं नव्हतं, मिस. आजीला विचारा.
आजीच्या चुलीची राख तिनं डबीतून आणली
आणि कव्हरच्याही आधी बोटानं लावली.

आमचं पुस्तक असं सुरू झालं.
कोंडा आला, मेंढीची लोकर आली,
बंद पडलेल्या शाळेचं बटण आलं.
कॅलमनं आइस्क्रीमचा डबा आणला.
आत मीठ, राखाडी, ओलसर.
कुठलं रे?
खालच्या वावरातलं. आजोबांच्या.

ग्रामसभेच्या भिंतीवर एक फोटो आहे:
तरुण ट्रेलोर, ट्रॅक्टर, साखळी, हसू.
झाडं पाणी पीत होती
तोवर मीठ खाली झोपलं होतं;
झाडं गेली, पाणी वर आलं,
पाण्यासोबत तेही जागं झालं.
हे मी सांगितलं नाही.
कॅलमनं सहाव्या पानावर गोंद ओतला,
मूठ उघडली.

तपासणीसबाई आल्या. उताऱ्यावरचे प्रश्न कुठं आहेत?
मी म्हणाले, उताराच नाही.
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बराच वेळ.

मग थंडीतला पाऊस, आठवडाभर,
खिडकीच्या फटीतून कपाटात.
सोमवारी पुस्तक काढलं तर
मीठ पाचव्या पानावर आलं होतं.
ऑगस्टमध्ये चौथ्यावर, गव्हाच्या मुळाशी.
कुणीच लावलं नव्हतं.
पोरं रोज सकाळी धावत यायची,
कुठवर आलं पाहायला,
जसं कुणी पाहुण्याची वाट पाहतं,
किंवा तापाची.
कॅलमनं पट्टीनं एकदा खरवडलं.
दुसऱ्या दिवशी ते तिथंच होतं, थोडं जास्त.

पालकांच्या दिवशी म्हातारा ट्रेलोर आला.
मुलांच्या खुर्चीत बसला, गुडघे छातीशी.
जाड बोटांनी एकेक पान.
तिसऱ्यावर थांबला.
सहाव्यावर थांबला नाही,
उलटून मागे आला, चौथ्यावर,
पांढरी कड चाचपली
आणि बोट जिभेला लावलं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
कुठल्या मिठाला, ते म्हणत नाहीत.

बराच वेळ गेला.
मग त्यानं विचारलं, अगदी हळू,
हा कुत्रा कुठं गेला?

लिएझेल उठली.
तिनं पान खिडकीशी धरलं.
कागदाच्या पाठीला लोकरीचा ठिपका,
उजेडात सावलीसारखा, शेपटीसकट.
'मागे,' ती म्हणाली.
तिचा तिसरा शब्द.

डबा अजून माझ्या टेबलावर आहे.
धुतला नाही.